कावळा एकही आला नव्हता : मुलांना हसरं लिहायला शिकवताना

प्रश्न : मी पारोळा तालुक्यातल्या एका गावात आठवी-नववीला मराठी शिकवतो. मधल्या सुट्टीत ही पोरं असे किस्से सांगतात की हसून पोट दुखतं. तोच किस्सा वहीत लिहायला सांगितला की त्यातला जीव जातो. विनोदी लिहायला शिकवता येतं का? मी स्वभावाने गंभीर आहे, मला हे जमेल का? आणि बोर्डाच्या परीक्षेत यामुळे मुलांचं नुकसान तर होणार नाही ना?

सर, अर्धं उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. किस्सा मुलांकडे आहे, सुट्टीत तो नीट सांगितला जातो, आणि वहीत जाताना मरतो. मग शोधायचं एवढंच, की तोंडापासून वहीपर्यंतच्या वाटेवर तो नेमका कुठे मरतो. मी २९ वर्षं मराठी शिकवलं. पहिली ११ वर्षं सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपड्याच्या वरच्या अंगाला, आणि पुढची तापीकाठच्या एका तालुक्याच्या गावी. माझा अनुभव असा की मुलं हसरं लिहीत नाहीत याचं कारण विनोदबुद्धी कमी असणं हे नसतं. वहीत खरं आणि नेमकं लिहायचं असतं हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. त्यांच्या समजुतीप्रमाणे वहीत गाइडसारखं लिहायचं असतं.

एक उदाहरण देते. बिबड्या म्हणजे उन्हात वाळवायचे ज्वारीचे पापड. आठवीच्या एका मुलाने उन्हाळ्याच्या सुट्टीवर लिहिलं होतं :

‘उन्हाळ्यात आमच्या घरी बिबड्या करतात. बिबड्या हा खान्देशातील लोकप्रिय पदार्थ आहे. आजीने मला राखण करायला सांगितले. राखण करताना मी खूप बिबड्या खाल्ल्या. आजी माझ्यावर खूप रागावली. अशा प्रकारे आम्हाला खूप मजा आली.’

मी त्याला टेबलाजवळ बोलावलं आणि फक्त प्रश्न विचारले. राखण कोणापासून करायची होती? कावळ्यांपासून. बिबड्या किती खाल्ल्या? अकरा. आजीला कसं कळलं? तिने मोजून ठेवल्या होत्या. मग कावळे आले होते का? तर तो म्हणाला, “एकबी नही उना.” आणि स्वतःच हसला. मी म्हटलं, आत्ता जे सांगितलंस तेवढंच लिही, वर एक शब्द नको. त्याने हे लिहून आणलं :

‘बिबड्यांवर कावळे बसू नयेत म्हणून आजीने मला गच्चीवर बसवलं. संध्याकाळी तिने मोजल्या. अकरा कमी भरल्या. कावळा एकही आला नव्हता.’

या चार वाक्यांवर मी पुढे अख्खा तास घेतला, आणि नंतर दर वर्षी घेत राहिले. वर्गाला विचारायचं : यात ‘मी खाल्ल्या’ हे वाक्य कुठे आहे? मुलं शोधतात. नसतं. मग तुम्हाला कसं कळलं? इथे मुलांचे डोळे चमकतात, कारण ते त्यांना स्वतःला कळलेलं असतं, कोणी सांगितलेलं नसतं. हसू येतं ते त्या न लिहिलेल्या वाक्यातून. पहिल्या मजकुरात लिहिणाऱ्याने सगळं सांगून टाकलं होतं, वर ‘मजा आली’ असंही सांगितलं होतं. वाचणाऱ्याला करायला काही उरलंच नव्हतं. दुसरी गोष्ट आकड्याची. ‘खूप’ खाल्ल्या म्हटलं की चित्र दिसत नाही, ‘अकरा’ म्हटलं की आजी मोजताना दिसते. पन्नास लिहिलं असतं तर कोणी मानलं नसतं, दोन लिहिलं असतं तर आजी रागावली नसती. अकरा हा खऱ्या चोरीचा आकडा आहे, आणि तो त्या मुलाने शोधून काढला नव्हता, तो घडला होता.

म्हणून तुमचं पहिलं काम ‘खूप मजा आली’ या वाक्याला रजा देण्याचं. मी फळ्याच्या कोपऱ्यात एक चौकट आखायची, तिच्यावर लिहायची, ‘या आठवड्यात रजेवर’, आणि खाली चार-पाच शब्द : खूप मजा आली, निसर्गरम्य, आनंदाने बेभान, पक्ष्यांचा किलबिलाट, अशा प्रकारे. बंदी म्हटलं की मुलांना भीती वाटते, रजा म्हटलं की चालतं. पुढच्या आठवड्यात ते शब्द कामावर परत येतात आणि दुसरे रजेवर जातात. महिन्याभरात मुलंच नावं सुचवू लागतात. एका मुलीने ‘विविधतेने नटलेला’ला रजा मागितली होती, कारण ‘त्याला मागच्या वर्षापासून एकही सुट्टी मिळाली नाही.’ अशी मुलगी वर्गात असली की शिक्षकाचं निम्मं काम झालं.

दुसरी गोष्ट तोंडाची आणि हाताची. आपल्या भागात हे समजावून द्यायला फार लांब जावं लागत नाही. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात काम करता करता त्या बोलत गेल्या आणि ते टिपून घेणारे हात त्यांचा मुलगा सोपानदेव आणि घरातल्या माणसांचे होते. बोलणारं तोंड एक आणि लिहिणारा हात दुसरा. डिसेंबर १९५१ मध्ये त्या गेल्या आणि त्यांच्या कविता पुस्तकरूपाने लोकांपुढे आल्या त्या १९५२ मध्ये. मुलांना मी एवढंच सांगते की टिपून घेणाऱ्या हातांनी ती बोली तशीच राहू दिली, पुस्तकी केली नाही, म्हणून तो आवाज आजही ऐकू येतो. मग जोड्या करायच्या. एकाने सांगायचं, दुसऱ्याने लिहायचं, जसंच्या तसं, ‘मंग’ म्हटलं तर ‘मंग’. दहा मिनिटं. नंतर ज्याने सांगितलं त्याच्या हाती कागद द्यायचा आणि तो त्याने नीट करायचा. यात घडतं असं की मुलाला आपलं बोलणं पहिल्यांदा कागदावर दिसतं. ते पाहून मुलं चकित होतात. नववीतला एक मुलगा मला म्हणाला होता, “मॅडम, हे मी बोललो? हे तर पुस्तकासारखं आहे.” वर्षभर तो मुलगा निबंधात पाच ओळींच्या पुढे गेला नव्हता.

जोडीच्या कामात एक काळजी घ्या. लिहिणारा हुशार आणि सांगणारा कच्चा अशी जोडी केली की लिहिणारा वाक्यं सुधारत सुटतो. दोघं सारख्याच हाताची घ्या.

आता वाक्याविषयी. मला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो आणि तो फार कमी वर्गांत शिकवला जातो. मराठी वाक्य साधारणपणे क्रियापदावर संपतं. होता, होती, होते, आली, गेली. या शब्दांना स्वतःचा चेहरा नसतो. आणि किस्स्यातला जो शब्द ऐकून हसू येणार, तो त्यांच्या मागे दडपला जातो. एका मुलीचं वाक्य होतं, ‘आम्ही दोन तास एसटीची वाट पाहत होतो आणि एसटी आली तेव्हा स्टॉपवर आमच्या फक्त पिशव्याच होत्या कारण आम्ही सगळे रसवंतीवर रस प्यायला गेलो होतो.’ प्रसंग छान आहे. पण गंमत आहे ‘पिशव्या’ या शब्दात, आणि त्याच्यानंतर ती नऊ शब्द चालत राहिली. मी फळ्यावर ते वाक्य लिहिलं आणि विचारलं, हसू कुठे आलं? सगळ्यांनी ‘पिशव्या’ सांगितलं. मग म्हटलं, हा शब्द शेवटी न्या, त्याच्यामागे काही ठेवू नका. पंधरा मिनिटं वर्ग वाक्याशी झटत होता. शेवटी हे हाती लागलं :

‘दोन तास एसटीची वाट पाहिली, मग सगळे रस प्यायला गेलो. एसटी आली तेव्हा स्टॉपवर होत्या फक्त आमच्या पिशव्या.’

मराठीत शब्दांची जागा बदलायला भरपूर मोकळीक आहे, कारण कर्ता कोण, कर्म कोण हे प्रत्यय सांगतात. ‘आजीने मला पकडलं’, ‘मला पकडलं आजीने’, ‘पकडलं मला, आजीने’. तिन्हींत पकडणारी आजीच. पण जोर वेगळ्या शब्दावर पडतो. विभक्तीच्या धड्याला मुलं कंटाळतात, पण हा खेळ घेतला की ‘ने’ आणि ‘ला’ कशासाठी असतात ते त्यांना हाताला लागतं. सावध मात्र राहा. क्रियापद आधी घ्यायची चटक लागली की प्रत्येक वाक्य तसंच येऊ लागतं आणि पानभर कोणीतरी दम लागून बोलतंय असं वाटतं. मी पानाला एकदाच, असा नियम ठेवला होता.

आणि नकळत होणारा विनोद. तोही शिकवायच्या कामी येतो, पण फार जपून वापरायला लागतो. पोळ्यावरच्या निबंधात एकदा वाचलं, ‘सकाळी मामा बैल घेऊन आले. आम्ही त्यांना नदीवर नेऊन आंघोळ घातली, शिंगे रंगवली, गळ्यात घुंगूरमाळ बांधली आणि पुरणपोळी खाऊ घातली.’ मराठीत आदराचं अनेकवचन आणि खरं अनेकवचन सारखंच दिसतं. मामा एकटेच, पण ‘ते’, आणि बैल दोन, तेही ‘ते’. व्याकरणाच्या पुस्तकात हे दोन ओळींत असतं आणि कोणाच्या लक्षात राहत नाही. पण घुंगूरमाळ घातलेले मामा एकदा डोळ्यांपुढे आले की मुलगा आयुष्यभर ‘त्यांना’ लिहिण्याआधी थबकतो. तसंच गाळलेल्या नामाचं : ‘पाहुणे आल्यावर कढईत टाकले आणि वरून कोथिंबीर घातली.’ पोहे गाळले गेले आणि पाहुणे तळले गेले. ऱ्हस्व-दीर्घाचंही तेच आहे. ५ सप्टेंबरच्या शुभेच्छापत्रावर ‘शिक्षक दीन’ लिहिलेलं दर वर्षी एखादं येतंच. दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे गरीब, हे त्या एका पत्राने जेवढं पक्कं होतं तेवढं दहा वेळा लिहून होत नाही.

जपून म्हणाले ते का, ते सांगते. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी माझ्या वर्गात अहिराणी बोलणाऱ्या घरातला एक मुलगा होता. त्याचा मोठा भाऊ कामासाठी सुरतेला गेला होता आणि दिवाळीला परत आला. त्यावर त्याने लिहिलं होतं. आई दारात धावत आली आणि ओरडली, ‘भाऊ उना!’ मी ते वर्गात मोठ्याने वाचलं. त्याच्या हेलात वाचलं. वर्ग बराच वेळ हसला. मला वाटलं, तास छान झाला. त्यानंतर वर्षभर त्या मुलाच्या वहीत कोणी बोललं नाही. आई नाही, भाऊ नाही. सगळे निबंध गाइडमधून उतरवलेले. वही स्वच्छ होती, चूक एकही नव्हती आणि माणूसही एकही नव्हता. ते माझ्या हातून झालं. त्याची भरपाई मला करता आली नाही, कारण माझ्या लक्षात येईपर्यंत तो दहावी होऊन निघून गेला होता.

तेव्हापासून मी दोन गोष्टी पाळल्या आणि तुम्हीही पाळा असा माझा आग्रह आहे. एक, मुलाचं लेखन मुलाला विचारल्याशिवाय वर्गात वाचायचं नाही, आणि शक्यतो ते त्याने स्वतः वाचायचं. चुकीचं वाक्य उदाहरण म्हणून घ्यायचं असेल तर ते आपण नव्याने रचायचं, नाव-गाव बदलायचं, किंवा मागच्या वर्षीच्या वर्गातलं घ्यायचं. दोन, घरची बोली ही चूक नाही. निवेदन प्रमाण मराठीत असू द्या, पण माणसं बोलतील ती आपापल्या भाषेत बोलू द्या. आजी ‘इतली घाई काय शे तुले?’ म्हणत असेल तर ती वहीतही तेच म्हणेल. ‘तुला इतकी घाई कशाची आहे?’ असं लिहिलं की ती आजी कोणाच्या तरी दुसऱ्याच घरची होते. अवतरणचिन्हं कशाला असतात हेही मुलांना इथेच कळतं. त्या दोन खुणांच्या आत घर आणि बाहेर शाळा.

तुमच्या वर्गात बहुधा अहिराणीच असेल. यावल-रावेरकडे लेवा बोली येते, सातपुड्यात पावरी, तडवी, भिलांच्या बोली. माझ्या सुरुवातीच्या शाळेत पावरी बोलणारी मुलं होती आणि त्यांना मराठीच मुळात परकी. हसू हे भाषेत शेवटी येतं. आधी भांडण येतं, मग तक्रार, मग गंमत. अशा मुलांना चित्र काढून खाली दोन ओळी लिहू द्यायच्या. घाई केली नाही तर आठवीतून नववीत जाईपर्यंत त्यांचीही पानं हसू लागतात, आणि रानातल्या गोष्टी त्यांच्याकडे इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतात.

आता कोणावर हसायचं. हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात वर्गात उभा राहील, कारण पोरं एकमेकांवर लिहितील. काळेपणावर, जाडेपणावर, अडखळत बोलण्यावर, जातीवर, फाटक्या चपलेवर लिहितील. मी फळ्यावर एकच प्रश्न लिहून ठेवायची : ज्याच्यावर लिहिलं तो शेजारी बसून वाचत असेल तर तोही हसेल का? उत्तर ‘नाही’ असेल तर ते पान पुढे जात नाही. स्वतःवर लिहा, वस्तूंवर लिहा, उन्हावर, लाइटीवर, नळाच्या वेळेवर, आणि आपल्यापेक्षा मोठ्यांवर लिहा. शिक्षकांवर लिहिलं तरी चालेल, मात्र खरं असायला हवं.

आणि एक जपायची गोष्ट. कधीकधी मूल फार हसरं लिहितं आणि त्यात दुखणं असतं. बाप पिऊन आला, दाराऐवजी खिडकी वाजवत बसला, असं एका मुलीने लिहिलं होतं, आणि ते खरोखर उत्तम लिहिलं होतं. ते मी वर्गात वाचलं नाही, भिंतीवर लावलं नाही. तिला एकटीला बोलावून सांगितलं की तू फार नेमकं लिहिलंस, आणि मग घरी काय चाललंय ते विचारलं. अशा वेळी आधी मुलगी, मग निबंध.

तयार विनोदांचा त्रास तुम्हाला होणारच. ‘विनोदी लिहा’ म्हटलं की मुलं मोबाइलवरचे गुरुजी-बंड्याचे विनोद उतरवून आणतात. म्हणून ‘विनोदी लिहा’ हे शब्द मी उच्चारतच नाही. मी म्हणते, तुमच्या डोळ्यांसमोर घडलेलं लिहा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा उन्हावर लिहायला दिलं की निम्मा वर्ग लिहितो, ‘इतकं ऊन की कोंबडीने उकडलेलं अंडं दिलं.’ हे सगळ्यांचं आहे, कोणाचंच नाही. मी विचारते, तुझ्या अंगणात काल दुपारी काय झालं? एकाने मग लिहिलं :

‘दुपारी दोन वाजता बाबांनी गाडीच्या सीटवर आधी तांब्याभर पाणी ओतलं. मग बसले. तरी उठले.’

यात अतिशयोक्ती अजिबात नाही. उन्हाची आकडेवारीही नाही. पण भुसावळ-जळगावच्या उन्हाळ्यात दुपारी गाडीवर बसलेला कोणीही माणूस हे वाचून हसणार. ‘तरी उठले’ हे दोन शब्द त्याने तीन वेळा लिहून सापडवले. आधी होतं, ‘तरी त्यांना चटका बसला आणि ते पटकन उठून उभे राहिले.’ मी समासात फक्त लिहिलं होतं, ‘किती कमी शब्दांत?’

समासाविषयी. वर्गात साठ मुलं असतील तर तुम्ही सगळ्या वह्या पूर्ण तपासू शकणार नाही आणि तसा प्रयत्नही करू नका. मी दिवसाला दहा वह्या घ्यायची आणि एका वहीत जास्तीत जास्त तीन प्रश्न लिहायची. किती? कोणता? मग आजी काय म्हणाली? शुद्धलेखनाच्या चुका त्या फेरीत सोडून द्यायच्या, त्या दुसऱ्या खर्ड्यावर बघायच्या. पहिल्याच खर्ड्यावर लाल रेघा मारल्या की मूल दुसऱ्यांदा फक्त सोपे शब्द वापरतं, आणि आपल्याला वाटतं की ते सुधारलं. शेरा लिहिताना कधीही टोमणा लिहू नका. ‘वा, फारच छान अक्षर!’ असं खराब अक्षराखाली लिहिलेलं मूल विसरत नाही.

औपचारिक पत्रात मुलांना हसू आणायला सगळ्यात जास्त मजा येते आणि त्यात शिकणंही सगळ्यात जास्त होतं, हे मला उशिरा कळलं. पत्राचा साचा कडक असतो. दिनांक, प्रति, विषय, महोदय, आपला विश्वासू. तो साचा जरासुद्धा मोडायचा नाही, फक्त लिहिणारा बदलायचा. गल्लीतल्या कुत्र्यांनी नगरपालिकेला पत्र लिहायचं. एका गटाने विषय दिला होता, ‘रात्री ११ नंतर आमच्या भुंकण्याच्या वेळेत डीजे वाजत असल्याबाबत.’ पुढे : ‘आम्ही या गल्लीत गेली सात वर्षे विनामोबदला सेवा देत आहोत. डीजेमुळे चोर आला तरी ऐकू येत नाही, व आला नाही तरी भुंकल्याचे कोणास कळत नाही.’ भाषा अगदी कार्यालयीन, एक शब्दही उडाणटप्पू नाही. हसू त्या दोन गोष्टी शेजारी आल्याने येतं. आणि हे पत्र लिहिणाऱ्या मुलांना ‘विनामोबदला’, ‘असल्याबाबत’, ‘कृपया योग्य ती कार्यवाही व्हावी’ हे सगळं न पाठ करता आलं. त्यातल्या दोघांनी पुढे गावातल्या बंद पडलेल्या हातपंपासाठी खरा अर्ज लिहिला. तो अर्ज अगदी गंभीर होता आणि बिनचूक होता.

लिहिलेलं कोणीतरी वाचायला हवं, तेही लवकर. साने गुरुजी अमळनेरला प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० शिक्षक होते, तेव्हा वसतिगृहातल्या मुलांसाठी ते हाताने लिहिलेलं दैनिक काढायचे. दैनिक, म्हणजे रोज. तुमच्या पारोळ्याहून अमळनेर किती जवळ आहे. ही गोष्ट मी मुलांना सांगते आणि मग म्हणते की आपल्याला रोज जमणार नाही, आपण आठवड्याला एक पान काढू. शनिवारी सकाळची शाळा असते, त्या दिवशी कार्डशीटवर चिकटवलेलं पान व्हरांड्यात लागायचं. सगळी शाळा येता-जाता वाचायची, शिपाईकाकाही वाचायचे. ते कुठे हसतात हे मुलं खांबाआड उभी राहून बघायची आणि पुढच्या खेपेला तसं लिहायची. हे शिक्षण मी देऊ शकले नसते.

तुम्ही गंभीर आहात म्हणून काळजी करू नका. उलट मला गंभीर शिक्षक या कामाला जास्त योग्य वाटतात. जो शिक्षक स्वतः वर्गात विनोद सांगतो, त्याच्या वर्गात मुलं ऐकणारी होतात. तुमचं काम ऐकायचं आहे. मूल बोलत असताना मध्ये न पडता ऐका, नेमका कोणता शब्द ऐकून तुम्हाला हसू आलं ते लक्षात ठेवा, आणि मुलाला सांगा की मी ‘अकरा’ला हसलो. त्याला ते कळलेलं नसतं. तुम्ही सांगितलं की ते त्याचं होतं.

परीक्षेचं थोडक्यात. दहावीच्या ८० गुणांच्या पेपरात उपयोजित लेखनाला २४ गुण आहेत. पत्र, जाहिरात, बातमी, सारांश यांत साचा आणि मुद्दे जपायचे, गंमत करू नये. वर्गात कुत्र्याचं पत्र चालतं, पेपरात चालत नाही, हे मुलांना स्पष्ट सांगा. प्रसंगलेखन आणि आत्मकथन यांत मोकळीक असते. तिथे घडलेला, नेमका प्रसंग लिहिणाऱ्या मुलाचं पान शेकडो सारख्या पानांत वेगळं दिसतं. वैचारिक निबंधात नको. माझ्या मुलांचे गुण यामुळे कमी झाले नाहीत. पालकांनी विचारलं तर त्यांना वही दाखवा, शक्यतो आजीला दाखवा.

सुरुवात कधी करायची तेही सांगते, कारण विषयाचा हंगाम साधला तर निम्मं काम होतं. जूनमध्ये शाळा उघडताच आखाजीवर, म्हणजे अक्षय्य तृतीयेवर, लिहून घ्या, झोके, माहेरी आलेल्या आत्या आणि पत्त्यांचे डाव मुलांच्या मनात अजून ताजे असतात. श्रावणात कानबाई देवीच्या उत्सवातल्या रोटांवर, कारण घरात कोणी किती रोट संपवले यावर वाद झालेलाच असतो. मग पोळा. थंडीत भरीत : वांगी कोणी भाजली, कोणाची बोटं पोळली, बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, ठेचताना मिरची कोणाच्या डोळ्यात गेली. फेब्रुवारी-मार्चला बिबड्या सुरू झाल्या की वर्गात अर्धी मुलं सकाळी गरम घाटा (बिबड्यांचं शिजवलेलं पीठ) खाऊन आलेली असतात आणि उरलेली गच्चीवर राखण करून. त्या आठवड्यात गाइड कोणीही उघडत नाही.